जसें मोजलें, तसें लिहावें

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाचा आरंभ मोजमापापासून होतो. लांबी, वस्तुमान व काल हीं तीन मूळ परिमाणें कशीं मोजावीं, व्हर्निअर कॅलिपर कसा धरावा, स्क्रू गेजचा शून्यदोष कसा काढावा, लंबकाचीं आंदोलनें कशीं गणावीं, हें पहिल्या कांहीं तासांत सांगून होतें आणि मग गति, उष्णता, प्रकाश, विद्युत् अशा अधिक मनोरंजक विषयांकडे वर्ग वळतो. विद्यार्थ्यांस हा पहिला पाठ रुक्ष वाटतो, पालकांस तो बहुधा ठाऊकच नसतो, आणि शिक्षकहि पुष्कळदां तो उरकून टाकण्याचा विषय समजतात. आमचें मत याच्या उलट आहे. माध्यमिक शाळेंत शास्त्राचे जे जे पाठ दिले जातात, त्या सर्वांत हा पाठ अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो नीट दिला गेला नाहीं तर पुढील सर्व शास्त्र केवळ पाठांतर होऊन बसतें. इतकेंच नव्हे, तर तो वाईट रीतीनें दिला गेल्यास त्यांतून मूल खोटें लिहावयास शिकतें. हें विधान कठोर वाटेल. म्हणून त्याचीं कारणें विस्तारानें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

अनेक शाळांतून प्रयोगवही लिहिण्याची जी रीत पडून गेली आहे, ती पाहिली म्हणजे आमच्या म्हणण्याचा अर्थ ध्यानांत येईल. गतवर्षीच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याची वही मिळवावयाची, तींतील आंकडे उतरून घ्यावयाचे, आणि चोरी उघडकीस येऊं नये म्हणून मधल्या एकदोन आंकड्यांत किंचित् फेरफार करावयाचा, हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. त्यांत विद्यार्थी प्रयोग करतो खरा. परंतु उत्तर पुस्तकाशीं जुळत नाहीं असें दिसतांच तो रबर हातीं घेतो आणि उत्तरापासून मागें येत येत निरीक्षणांचे आंकडे बसवितो. परीक्षक वही चाळतात, शेवटची ओळ पाहतात, तींत 'गुरुत्वत्वरण ९८०' असें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें असतें, आणि पूर्ण गुण पडतात. शेजारच्या मुलानें प्रामाणिकपणें मोजून ९६८ लिहिलेलें असतें. त्याचे दोन गुण जातात. या एका निवाड्यानें सबंध वर्गास जो धडा मिळतो, तो कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत छापलेला नाहीं. परंतु खरें मोजणाऱ्याचें नुकसान होतें व जुळवून लिहिणाऱ्याचा लाभ होतो, हें मुलांच्या मनावर कायमचें ठसतें.

आतां या ९८० ची गोष्ट जरा खोलांत जाऊन पाहूं. बरोबर १०० सेंटिमीटर लांबीचा साधा लंबक घेतला, तर आपल्या जालन्यास त्याचीं २० आंदोलनें सुमारें ४०.२ सेकंदांत पुरीं होतात. हा काल २० नीं भागून एका आंदोलनाचा काल काढावयाचा आणि त्यावरून सूत्रानें गुरुत्वत्वरण काढावयाचें, हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. ४०.२ सेकंद धरल्यास उत्तर सुमारें ९७७ सेंटिमीटर प्रति सेकंदवर्ग येतें. परंतु स्टॉपवॉचची कळ दाबतांना माणसाचा हात एकपंचमांश सेकंद सहज मागेंपुढें होतो. घड्याळ ४०.० सेकंद दाखवूं लागलें तर उत्तर ९८७ येईल, ४०.४ दाखवूं लागलें तर ९६८ येईल. म्हणजे ज्या मुलानें ९६८ लिहिलें, त्यानें कांहीं प्रमाद केला असें मुळींच नाहीं. त्याच्या घड्याळानें, त्याच्या हातानें व वीस आंदोलनांनीं जितकें बारीक माप घेतां येण्यासारखें होतें, तितकें त्यानें घेतलें. उलट ज्याच्या वहींत तीनहि वेळां काटेकोर ९८० उतरलें आहे, त्याच्याकडेच परीक्षकांनीं अधिक चौकस दृष्टीनें पाहावयास हवें.

याहूनहि नवलाची गोष्ट पुढें आहे. गुरुत्वत्वरण सर्व पृथ्वीवर सारखें नसतें. विषुववृत्तावर तें सुमारें ९७८ व ध्रुवांवर सुमारें ९८३ असतें. तसेंच समुद्रसपाटीपासून उंच जावें तसतसें तें किंचित् घटत जातें. पुस्तकांतून 'प्रमाण मूल्य' म्हणून जो ९८०.६६५ हा आंकडा दिलेला असतो, तो १९०१ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें व्यवहाराच्या सोयीसाठीं ठरविलेला असून तो साधारणपणें ४५ अक्षांशावरील स्थळांचा आहे. जालना शहर सुमारें १९ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर व समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंचीवर वसलेलें आहे. या दोन गोष्टी ध्यानीं घेऊन गणित केल्यास येथील गुरुत्वत्वरण ९७८ व ९७९ यांच्या दरम्यान येतें. तेव्हां ज्या आंकड्याच्या मोहानें विद्यार्थी आपलें खरें माप खोडून टाकतो, तो आंकडा जालन्याचा नाहींच! आपल्या अंगणांतील सत्य पुसून दूरदेशचें मूल्य आपल्या नांवावर लिहावयाचें, असा हा व्यवहार झाला.

खोडून टाकलेल्या आंकड्याबरोबर दुसरें एक मोठें धन नाहींसें होतें. तें म्हणजे चूक शोधण्याचें साधन. समजा, एका मुलाचें उत्तर १०८४ आलें. हें पुष्कळच अधिक आहे हें उघड आहे. परंतु तो आंकडा तसाच राहूं दिला व शांतपणें विचार केला, तर तोच आपली कथा सांगूं लागतो. घड्याळ सुरू करतांना 'शून्य' म्हणण्याऐवजीं मुलानें 'एक' म्हटलें असेल, तर विसावा आंकडा उच्चारतांना प्रत्यक्षांत १९ च आंदोलनें झालेलीं असतात. आणि एकोणीस आंदोलनांच्या कालास वीसनें भागलें म्हणजे उत्तर बरोबर १०८४ च्या आसपास येतें. दुसऱ्या एकाचें उत्तर नेहमीं ९६९ च्या जवळ येतें. त्यानें दोऱ्याची लांबी गोळ्याच्या माथ्यापर्यंतच घेतली असेल व दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या मिळवावयाची राहिली असेल, तर असेंच व्हावयाचें. येथें व्हर्निअर कॅलिपरचा उपयोग काय, हें त्या मुलास जें कळेल, तें दहा व्याख्यानांनीं कळणार नाहीं. ज्या वहींत सर्व आंकडे निमूटपणें ९८० कडे धांवतात, त्या वहींतून मात्र कोणासहि कांहींहि शिकतां येत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, लंबक हें शाळेंतलें खेळणें आहे. त्याचें उत्तर थोडें इकडेतिकडे झाल्यानें कोणाचें काय बिघडतें? यासाठीं प्रयोगशाळेच्या बाहेर पडून आपल्या जिल्ह्यांतील तीन ठिकाणीं जाऊन पाहूं.

जालना हें आज बांधकामाच्या लोखंडी सळयांसाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. सळईचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्याच्या वर्गास १६२ नीं भागलें म्हणजे एक मीटर सळईचें वजन किलोग्रॅममध्यें मिळतें, हा हिशेब त्या धंद्यांतील साधा कामगारहि तोंडीं करतो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारें ०.८९ किलो भरावयास हवी. तीच जर ११.५ मिलिमीटरची निघाली, तर व्यासांत केवळ अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे शेंकडा चारांची तूट होते. पण वजन व आडवा छेद व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळें तेथें तूट शेंकडा आठांची पडते. या जाडीच्या सळईस भारतीय मानकानुसार वजनांत शेंकडा पांचांपर्यंतच कमीअधिक चालतें. ज्या स्लॅबखालीं आपलीं मुलें निजतात, त्या स्लॅबचा भार अशाच सळयांवर असतो. येथें मौज अशी कीं, या सळयांच्या अंगावर सिमेंटची पकड बसण्यासाठीं उंचवटे ठेवलेले असल्यानें कॅलिपरनें घेतलेला व्यास फसवा ठरतो. म्हणून ठराविक लांबीचा तुकडा तोलून त्यावरून व्यास काढणें हाच खरा मार्ग होय. कोणत्या वस्तूस कोणतें साधन योग्य, याचा विवेक हाहि मोजमापाच्या शिक्षणाचाच भाग आहे. आणि वर्गांत येणाऱ्या राशींतील चूक उत्तरांत दुप्पट होते, हा जो नियम लंबकाच्या कालास लागू आहे, तोच या सळईस लागू आहे.

दुसरें ठिकाण म्हणजे शेत. कोणत्याहि महसूल मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर शासन त्यास अतिवृष्टि समजतें व नुकसानीच्या पंचनाम्यांचा विचार त्या नोंदीवरून सुरू होतो. ६३ मिलिमीटर व ६६ मिलिमीटर यांतील अंतर पट्टीवर पाहिलें तर बोटाच्या नखाएवढेंहि नाहीं. पण बदनापूर, अंबड, परतूर, भोकरदन येथील एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न त्या अंतरावर टांगलेला असूं शकतो. पर्जन्यमापकाचें तोंड समपातळींत आहे कीं नाहीं, तें झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशास तर नाहीं ना, त्याबरोबरचें मापपात्र त्याच्याच तोंडाच्या क्षेत्रफळासाठीं बनविलेलें आहे ना, पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून वाचली कीं वरून तिरप्या नजरेनें, हे सर्व प्रश्न आठवी-नववीच्या पुस्तकांतले आहेत. १०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकाचें पाणी २०० चौरस सेंटिमीटरसाठीं आंखलेल्या पात्रानें मोजलें, तर पाऊस निम्माच भरेल. स्वयंचलित यंत्रें आलीं म्हणजे ही जबाबदारी संपते असेंहि नाहीं. यंत्र बरोबर दाखवितें कीं नाहीं, हें वेळोवेळीं कोणी तरी माणसानेंच मोजून पाहावें लागतें.

तिसरें ठिकाण आपला मोंढा. तेथें सोयाबीनच्या पोत्यांचें वजन होतें तें सर्वांस दिसतें. परंतु दाण्यांतील ओलाव्याचेंहि माप होत असतें व भाव पुष्कळ अंशीं त्यावर ठरतो. हमीभावाच्या खरेदीसाठीं सोयाबीनमध्यें शेंकडा १२ पर्यंत ओलावा ही सर्वसाधारण मर्यादा धरली जाते. वजनकाट्यावर वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का आहे का, कांटा रिकामा असतां शून्य दाखवितो का, ओलावा मोजण्याच्या यंत्रांत पोत्याच्या वरचेच दाणे घातले कीं तळचेहि घेतले, हें ज्या शेतकऱ्याच्या मुलास विचारतां येतें, त्याचा बाप सहसा फसत नाहीं. कॅलिपरचा शून्यदोष व रिकाम्या कांट्याचा शून्यदोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहींत. शाळेंत जो मुलगा पहिला पाहावयास शिकला, तो दुसरा पाहिल्यावांचून राहणार नाहीं.

मापाची शुद्धता हा धर्माचा विषय आहे, असें सर्व प्राचीन समाजांनीं मानलें आहे. पवित्र शास्त्रांत मोशेच्या नियमशास्त्रानें पिशवींत एक जड व एक हलकें अशीं दुहेरी वजनें बाळगण्यास स्पष्ट मनाई केली आहे, आणि नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध वारंवार आला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनेंमापें तपासण्यासाठीं पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. आपल्या महाराष्ट्रांत चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी हें कोष्टक आजोबांच्या पिढीस तोंडपाठ होतें. पण एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेराशीं जुळेल याची शाश्वति नव्हती, आणि त्या अंतरांत गरीब माणूस नेहमीं भरडला जाई. १९५६ सालीं भारतांत वजनमापांचा एकच कायदा झाला व १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें प्रचारांत आलीं, तेव्हां सर्व देशाचा किलो एक झाला. हा केवळ सोयीचा बदल नव्हता. दुर्बळास न्याय देणारा तो बदल होता. विद्यार्थ्यानें मात्र प्रयोगवहींत एक आंकडा खरा व एक परीक्षकांस दाखविण्याचा असे दोन ठेवले, तर त्याच्या दप्तरांतहि तींच दुहेरी वजनें आलीं असें आम्ही समजतों.

ज्यांनीं जगाच्या ज्ञानांत भर घातली, त्यांनीं मोजमापाकडे कोणत्या वृत्तीनें पाहिलें, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें. त्यांपैकीं एकाची कबर आपल्याच महाराष्ट्रांत, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें आहे. विल्यम लॅम्टन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. त्यासाठीं प्रथम साडेसात मैलांची एक सरळ रेषा १०० फुटी पोलादी साखळीनें मोजावयाची होती; तेवढ्या कामास त्यास ५७ दिवस लागले. साखळी लांकडी पेट्यांत ठेवून तिच्यावर सावली धरीत व तापमापकानें उष्णता पाहून नोंद करीत. कारण उन्हानें पोलाद लांबतें. केवळ १० अंश सेल्सिअसचा फरक दुर्लक्षिला असता, तर साडेसात मैलांत सुमारें दीड मीटरची चूक पडली असती. ही मोजणी पुढें उत्तरेकडे सरकत १८१५ सालीं निजामाच्या राज्यांतील बिदरपर्यंत आली, आणि तेथें पूर्वींचें काम खरें आहे कीं नाहीं, हें पडताळण्यासाठीं लॅम्टननें नवी रेषा जमिनीवर पुन्हां मोजून पाहिली. १८२३ सालीं काम चालू असतांनाच हिंगणघाटास त्याचें देहावसान झालें. स्वतःच्या मापावर विश्वास असूनहि तें पुन्हां तपासणें, ही शास्त्रज्ञाची नम्रता होय.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील लॉर्ड रॅले याचें. १८९२ च्या सुमारास तो नायट्रोजन वायूची घनता मोजीत होता. हवेंतून काढलेला नायट्रोजन व रासायनिक पदार्थांपासून तयार केलेला नायट्रोजन यांच्या वजनांत त्यास सुमारें अर्ध्या टक्क्याचा फरक आढळूं लागला. प्रयोग पुनःपुन्हां केला तरी फरक जाईना. दोन आंकड्यांपैकीं एक सोईस्करपणें वळविणें त्यास किती सोपें होतें! त्यानें तसें न करतां तो फरक छापून प्रसिद्ध केला व इतरांस कारण विचारलें. पुढें विल्यम रॅम्झे याच्या साह्यानें १८९४ सालीं असें सिद्ध झालें कीं, हवेंत तोंपर्यंत कोणासहि ठाऊक नसलेला एक वायु आहे. तोच आर्गॉन. आपण घेतों त्या प्रत्येक श्वासांत तो शेंकडा एकाच्या जवळपास असतो. न जुळणारें माप पुसलें गेलें असतें, तर तो शोध किती लांबला असता कोण जाणे. दोघांसहि १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आणि अगदीं अलीकडची गोष्ट. पॅरिसजवळ जतन केलेला धातूचा एक दंडगोल हाच जगाचा किलोग्रॅम होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृति आपल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत दिल्ली येथें आहे. शंभर वर्षांच्या काळांत मूळ गोल व त्याच्या प्रतिकृति यांच्यांत एका ग्रॅमच्या सुमारें वीस हजाराव्या भागाएवढा फरक पडल्याचें तुलनेंत दिसून आलें. तेव्हां जगांतील शास्त्रज्ञांनीं तो फरक झांकून ठेवला नाहीं. उलट २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच बदलून ती प्लांकच्या स्थिरांकावर बसविली. ज्या प्रमाणावर सर्व जग तोललें जात होतें, तें प्रमाणहि तपासणीस पात्र ठरलें. मग नववीच्या पुस्तकांतील उत्तरापुढें आपलें खरें निरीक्षण लपविण्याचें मुलास काय कारण?

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. वर्गांत साठ मुलें, कॅलिपर चार, आणि तास चाळीस मिनिटांचा, अशा स्थितींत प्रत्येकानें मोजावें कसें? हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु मोजण्यास नेहमीं विकत घेतलेलेंच साधन लागतें, हा समज खोटा आहे. वहीच्या एका पानाची जाडी पट्टीनें मोजतां येत नाहीं; पण शंभर पानांची चवड पट्टीनें मोजून शंभरांनीं भागली, म्हणजे ती मिळते. पेन्सिलीवर बारीक तारेचे वीस वेढे जवळ जवळ घालून त्यांची एकूण लांबी घेतली, म्हणजे तारेचा व्यास निघतो. पाण्याचे शंभर थेंब मापपात्रांत पाडले, म्हणजे एका थेंबाचें आकारमान कळतें. झाडाचें पान चौकटीच्या कागदावर ठेवून घरें मोजलीं, म्हणजे त्याचें क्षेत्रफळ येतें. उभ्या बाजूंचा एक डबा उघड्या जागीं ठेवून त्यांतील पाणी रोज ठराविक वेळीं पट्टीनें मोजलें, म्हणजे पर्जन्यमापक झाला; कारण डब्याच्या बाजू सरळ असल्या कीं त्याचें तोंड लहान असो वा मोठें, पाण्याची खोली तीच भरते. यांपैकीं कशासहि पैसा लागत नाहीं. लागतो तो शिक्षकाचा उत्साह व मुलाचा धीर.

दुसरा आक्षेप गुणांचा. परीक्षा उत्तरास गुण देते, तर एकट्या शाळेनें काय करावें? आमचें उत्तर असें कीं, अंतर्गत गुणांचा भाग तरी शाळेच्या हातीं आहे. तेथें शेवटच्या उत्तरास थोडे व मूळ निरीक्षणांस अधिक गुण द्यावेत. निरीक्षणें पेन्सिलीनें न लिहितां शाईनें लिहावीत. चुकलेला आंकडा एका रेघेनें असा खोडावा कीं खालचा वाचतां यावा. तीन वेळां मोजून तिन्ही आंकडे ठेवावेत. आणि उत्तर किती मागेंपुढें असूं शकेल याचा अंदाज मुलानें स्वतः लिहावा. लंबकाची लांबी प्रत्येक गटास वेगळी दिली, तर वही उतरविण्याचा मोहच उरणार नाहीं, कारण शेजाऱ्याचे आंकडे आपल्या लंबकास लागूच पडणार नाहींत. आणि ज्यानें ९६८ लिहून खालीं 'आम्हीं वीसच आंदोलनें मोजलीं. शंभर मोजल्यास उत्तर अधिक नेमकें येईल' असें लिहिलें, त्यास ९८० लिहिणाऱ्यापेक्षां एक गुण तरी अधिक द्यावा. कारण त्याचें म्हणणें बरोबर आहे: हाताची चूक तेवढीच राहून काल पांचपट झाला, म्हणजे उत्तरांतील अनिश्चितता पांचव्या हिश्शावर येते.

विद्यार्थिमित्रांनो, मोबाइलच्या घड्याळांत सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो म्हणून तुमचें माप तितकें बारीक झालें असें समजूं नका. आंकडे घड्याळाचे आहेत, अंगठा तुमचा आहे. साधन हातीं घेण्यापूर्वीं त्याचें लघुतम माप व शून्य पाहा. पट्टीवर डोळा सरळ ठेवा. एकदां मोजून थांबूं नका. आणि आंकडा आवडो वा न आवडो, दिसला तसा लिहा. दहावीनंतर तुमच्यांपैकीं कोणी शेतांत जाईल, कोणी कारखान्यांत, कोणी रुग्णालयांत, कोणी अभियांत्रिकीकडे. औषधाचा मिलिलिटर, सळईचा मिलिमीटर व पावसाचा मिलिमीटर तेथें तुमची वाट पाहत आहेत, आणि त्या प्रत्येकामागें कोणी तरी माणूस उभा आहे.

पालकांस आमची विनंति एवढीच. मूल प्रयोगवही घेऊन घरीं आलें, म्हणजे 'किती गुण मिळाले?' या प्रश्नाआधीं 'तूं स्वतः काय मोजलेंस, आणि तें किती वेळां मोजलेंस?' असें त्यास विचारावें. उत्तर पुस्तकापेक्षां वेगळें आलें असेल तर त्यास रागें भरूं नये; वेगळें कां आलें, हें त्याच्याबरोबर बसून शोधावें. घरांतील तराजू, दुधाचें माप, शिवणाची टेप, शेताचा बांध, हीं सर्व त्याची प्रयोगशाळा होऊं शकतात. ज्या घरांत न जुळणारें खरें माप सांगण्याची मुलास भीति वाटत नाहीं, त्या घरांतील मूल पुढें कोणत्याहि कांट्यापाशीं उभें राहिलें, तरी त्याचा हात थरथरणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.